उरलेल्या चार फ्रेम

लग्नसराई सुरू झाली की छायाचित्रकाराचे दिवस त्याचे राहत नाहीत. सकाळी हळद, दुपारी मुहूर्त, रात्री स्वागत समारंभ! अंतरपाट दूर होण्याचा क्षण हुकला तर यजमान जन्मभर बोल लावणार. मग जे हमखास जमते तेच तो पुन्हा पुन्हा टिपतो. पोट भरते, हात सफाईदार होतो. नजर मात्र ठराविक होत जाते. ‘सवड मिळाली की स्वतःसाठी काही करू’, असे म्हणता म्हणता केस पिकतात.

ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. सॉल लायटर १९४६ साली न्यूयॉर्कला आला तो चित्रकार व्हायला. पुढे ‘हार्पर्स बझार’सारख्या मासिकांसाठी फॅशनची छायाचित्रे काढून त्याने पोट भरले. पण १९४८ पासूनचा एक नाद त्याने सोडला नाही. कॅमेरा घेऊन घराच्या आसपासच्या रस्त्यांवर तो रंगीत छायाचित्रे काढत फिरे. कधी मुदत उलटलेली, स्वस्तातली फिल्म घालून. रंग हा जाहिरातीचा मामला, कला ती कृष्णधवलच, असे मानण्याचे ते दिवस. वाफ धरलेल्या काचेआडचा माणूस, बर्फातली लाल छत्री, चौकटीचा बराचसा भाग व्यापणारे काळे छत! असली चित्रे कुठल्या गिऱ्हाइकाने घेतली असती? १९८१ साली त्याचा स्टुडिओ बंद झाला. पारदर्शिका खोक्यांत पडून राहिल्या. २००६ साली ‘अर्ली कलर’ हे पुस्तक निघाले आणि ऐंशी उलटलेल्या लायटरला जगाने ओळखले, ते या गिऱ्हाईक नसलेल्या कामामुळे.

लायटरने वेळ मिळण्याची वाट पाहिली नाही. जागा घराजवळची, खर्च बेताचा आणि कुणाला जाब देणे नाही, एवढेच त्याने सांभाळले.

फिल्मच्या काळात आपल्या स्टुडिओवाल्यांनाही ही मोकळीक आपोआप मिळे. छत्तीस फ्रेमच्या रोलमध्ये शेवटी दोन-चार उरत. रोल धुवायला टाकण्याआधी त्या कुठेतरी संपवाव्या लागत. भिंतीवरची तिरीप, उंबऱ्यातली चप्पल, काहीही चाले. फसले तरी कुणी विचारणारे नव्हते.

आताचे मेमरी कार्ड सहजासहजी भरत नाही, म्हणून असे काही उरतही नाही. ते ठरवून उरवावे लागते: आठवड्यातला एक तास, एकच लेन्स, ओळखीचीच गल्ली. त्यातून अल्बममध्ये लावण्याजोगे काही निघेलच असे नाही. पण पुढच्या लग्नात, सगळे नवरीकडे पाहत असताना, मांडवाच्या कोपऱ्यात एकटा बसलेला तिचा बाप दिसेल.