वेताळाचा वेष : चित्रकथेंतील पात्र अंगावर कसें उतरवावें

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे विचित्र-वेष-स्पर्धेची चर्चा घरोघर सुरू होते, आणि बहुतेक घरीं तिचा शेवट एकाच प्रकारें होतो. आदल्या दिवशीं तयार पोषाख भाड्यानें आणावयाचा, तो ढगळ असल्यास टांचण्यांनीं आवळावयाचा, आणि मुलास रंगमंचावर ढकलावयाचें. यांत पैसा जातो, पण पात्र कांहीं उभें राहत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें एकाच पात्राचा वेष सांगोपांग मांडावा, असें आम्हीं यंदा योजिलें आहे. हें पात्र म्हणजे चित्रकथांतील वेताळ.

चित्रकथेंतील पात्राचा हुबेहुब वेष करून लोकांत मिरविण्याच्या छंदास आज जगभर 'कॉसप्ले' म्हणतात. जपानांतील नोबुयुकी ताकाहाशी यांनीं १९८३ च्या सुमारास 'कॉस्च्यूम' व 'प्ले' या दोन इंग्रजी शब्दांचे आरंभ जोडून हा शब्द रूढ केला. छंद मात्र त्याहून जुना आहे. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें विज्ञानकथाप्रेमींचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेव्हां फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळचे पोषाख घालून तेथें गेलीं होतीं, व ते पोषाख मर्टलबाईंनीं स्वतः शिवले होते. आपल्याकडे दिल्लीस २०११ सालापासून चित्रकथांचा मेळा भरूं लागला आणि तेथें असे वेषधारी दिसूं लागले. पण बहुरूप्यांच्या या देशास त्यांत नवल तें काय? आमच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत शिमग्यास जीं सोंगें निघतात, त्यांचीही जात हीच.

वेताळ हें नांवही कोंकणांत नवें नाहीं. गांवाचें रक्षण करणारा वेताळ अनेक ठिकाणीं पुजला जातो. चित्रकथेंतील वेताळाचा त्याच्याशीं संबंध नांवापुरताच आहे. हा मूळचा अमेरिकन 'फँटम'. ली फॉक या लेखकानें व रे मूर या चित्रकारानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याला वृत्तपत्रांत जन्म दिला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनीं मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें, आणि १९९० मध्यें तें बंद पडेपर्यंत वेताळ मराठींतूनही घरोघर पोंचला. आजच्या मुलांस तो ठाऊक नसला तरी त्यांच्या वडिलांस किंवा आजोबांस ठाऊक असेल. माळ्यावरच्या पेटींत एखादा अंक सांपडला तर त्यासारखा दुसरा नमुना नाहीं.

त्याची कथा थोडक्यांत अशी. १५३६ सालीं समुद्रावरील चांच्यांनीं एक गलबत लुटून बुडविलें. वांचलेला एकटा तरुण किनाऱ्यास लागला, आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानें चांचेगिरीच्या नाशाची शपथ वाहिली. (त्याच सुमारास आमच्या चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांचीं गलबतें ये-जा करीत होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही गोष्ट फार दूरची वाटत नाहीं.) त्याच्या मागून मुलगा, मग नातू, याप्रमाणें एकवीस पिढ्या तोच वेष चढवीत आल्या, लोकांस मात्र वाटतें कीं, एकच अमर पुरुष चारशें वर्षें हिंडत आहे. माणूस बदलतो, वेष बदलत नाहीं. म्हणूनच इतर कोणत्याही नायकापेक्षां वेताळाचा वेष नीट साधणें अगत्याचें आहे. एका पिढींत वेताळाच्या बहिणीनें, ज्यूलीनें, हाच वेष घातल्याची कथा आहे. तेव्हां मुलींनींही मागें राहूं नये.

प्रथम रंगाचा प्रश्न. फॉकच्या मनांत करडा रंग होता असें सांगतात. परंतु १९३९ सालीं रविवारचीं पानें रंगीत छापूं लागलीं तेव्हां तो जांभळा झाला. स्वीडनमध्यें तो निळा, इटली व तुर्कस्थानांत तांबडा. आपल्या इंद्रजालाच्या प्रारंभींच्या अंकांतही तो निळसर होता, पुढें जांभळा झाला. तेव्हां खरा रंग कोणता, यावर वाद घालणारांनीं खुशाल घालावा. आमचें मत जांभळ्याच्या बाजूचें आहे, कारण आपल्याकडील प्रेक्षक त्याच रंगास ओळखतात. मात्र कापड दिवसाउजेडीं, दुकानाच्या दारांत आणून पाहावें. नळीच्या दिव्याखालीं जांभळा निळा वाटतो, आणि रंगमंचावरील पिंवळ्या दिव्याखालीं गडद जांभळा तपकिरी किंवा काळाच दिसतो. म्हणून मनांतल्या छटेहून एक पायरी उजळ छटा घ्यावी.

आतां कापड. वेताळाचा पोषाख अंगास घट्ट चिकटलेला असतो. म्हणून साधें विणलेलें कापड येथें कामाचें नाहीं, बनियनच्या जातीचें ताणणारें कापड लागतें. बाजारांत जे चकचकीत तयार पोषाख मिळतात ते बहुधा निव्वळ कृत्रिम धाग्याचे असतात. ते घाम शोषीत नाहींत. आणि आमच्या किनाऱ्यावरील हवा मुळांतच दमट असल्यानें घाम वाळतही नाहीं. घाम वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. तो वाळलाच नाहीं तर शरीर तापत राहतें. त्यावर डोकें टोपरानें झांकलेलें! अशा पोषाखांत तासभर विंगेत उभें राहिलेलें मूल घेरी येऊन पडलें तर दोष मुलाचा नव्हे. म्हणून कापड बहुतांशीं सुती व थोडा लवचिक धागा घातलेलें असावें. पारख सोपी आहे. दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून कापड ताणावें. तें सहज तेरापर्यंत जावें, आणि सोडतांच पुन्हा दहावर यावें. परत न येणारें कापड गुडघ्यांवर व कोंपरांवर लोंबतें.

ज्यांस नवें कापड परवडत नाहीं त्यांनीं पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती गंजीफ्रॉक व तसलाच पायजमा घेऊन घरीं रंगवावा. सुती कापडाचा रंग कढत पाण्यांत मुरतो, व त्यांत मीठ टाकावें लागतें. पाण्यांत रंगाचे कण व सुताचे धागे एकमेकांस दूर लोटतात. मीठ तो दुरावा कमी करतें, आणि रंग धाग्यांत शिरतो. पेण-उरणच्या मिठागरांच्या या मुलुखांत मिठाची वाण पडावयाची नाहीं! कृत्रिम धाग्यावर मात्र हा रंग चढत नाहीं, म्हणून चिठ्ठी वाचून मगच खरेदी करावी.

पुढील मुद्दा या सगळ्या कामांतील मर्माचा आहे. चित्रांत वेताळाचा पोषाख गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड दिसतो, आणि उत्साही मंडळी तो तसाच अखंड शिवतात. मग पाठीवर लांबच लांब चेन येते, मुलास लघवीस जावयाचें झालें तर दोघांस मदतीस धांवावें लागतें, आणि खांद्यापासून मांडीपर्यंतचें माप दोन बोटें कमी पडलें तर पोर ताठ उभेंच राहूं शकत नाहीं. चित्रकारानें मात्र आपल्या सोयीची एक गोष्ट करून ठेविली आहे. वेताळ जांभळ्या पोषाखावर पट्ट्यापट्ट्यांची आंखूड चड्डी घालतो व तीवर रुंद पट्टा बांधतो. तेव्हां वरचा सदरा व खालचा पायजमा वेगवेगळे शिवावे. त्यांचा सांधा चड्डीखालीं व पट्ट्याखालीं असा दडतो कीं, पहिल्या रांगेंतील प्रेक्षकासही कळत नाहीं. सदरा कमरेखालीं एक वीतभर लांब ठेवावा, नाहीं तर हात वर करतांच तो सुटून येतो. माप घेतांना मुलास हात वर करावयास सांगावें. खालीं सोडलेल्या हातांनीं घेतलेलें माप फसवें असतें.

कापड ताणणारें असल्यानें घेर अंगाच्या मापाहून सुमारें एक दशांश कमी कापावा. छाती सत्तर सेंटिमीटर असेल तर कापड त्रेसष्ट. ताण अंगाभोंवतीं यावा अशा दिशेनें तुकडे मांडावे. शिवण सरळ टांक्याची घालूं नये. कापड ताणलें कीं सरळ दोरा तटकन् तुटतो. नागमोडी टांका घालावा, किंवा बनियन शिवणाऱ्या शिंप्याकडून इंटरलॉक करून घ्यावें.

टोपर सदऱ्यासच जोडलेलें असावें, आणि त्यांतून चेहरा हनुवटीपर्यंत उघडा राहावा. डोळ्यांवरचा काळा मुखवटा हा मात्र कुशलतेचा भाग आहे. पेणच्या मूर्तिकारांच्या नांवानें जो तालुका देशभर ओळखला जातो, त्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांस साच्याचें काम कांहीं अपरिचित नाहीं. शाडूच्या गोळ्यास कपाळ व नाक यांचा उठाव द्यावा, त्यावर ओला कागद बसवून मग खळींत बुडविलेल्या कागदी पट्ट्या चार-पांच थर चिकटवाव्या, प्रत्येक थर आधींच्यास आडवा. खळींत चिमूटभर तुरटी घातली म्हणजे किडीची व बुरशीची भीति कमी होते. सुकविणें सावलींत, आणि आमच्या हवेंत त्यास हिंवाळ्यांतही दोन-तीन दिवस द्यावे. चेहऱ्याचें माप घेण्यासाठीं तोंडावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतण्याचा प्रयोग कोणींही करूं नये. तें घट्ट होतांना तापतें, व श्वासही कोंडतो.

वेताळाच्या डोळ्यांत बाहुल्या दिसत नाहींत, नुसता पांढरेपणा दिसतो. त्याचा दरारा यांतच आहे. तो साधण्यास मच्छरदाणीच्या बारीक जाळीचा तुकडा बाहेरून पांढरा व आंतून काळा रंगवून मुखवट्याच्या भोंकांवर मागून चिकटवावा. रंग पातळ असावा, छिद्रें बुजूं देऊं नयेत. दिवसा घराबाहेरून खिडकीच्या पडद्याआडचें दिसत नाहीं, आंतून मात्र बाहेरचें दिसतें, तेंच तत्त्व येथें आहे. पण त्याच कारणानें अंधाऱ्या विंगेत या जाळींतून जवळजवळ कांहींच दिसत नाहीं, आणि बाजूची नजर तर केव्हांही तुटकीच राहते. रंगमंचाच्या पायऱ्या चढतांना मुखवटा कपाळावर सरकविलेला असावा व शेजारीं कोणी हात धरणारा असावा. चांगला वेष बिघडेल म्हणून मुलें हें टाळतात. पालकांनीं मुळींच टाळूं देऊं नये.

उरलें तें किरकोळ. उजव्या हातांत कवटीची अंगठी, जिचा ठसा दुष्टांच्या जबड्यावर उमटतो. डाव्या हातांत शुभचिन्हाची, जी मित्रांच्या रक्षणासाठीं आहे. कित्येक वेषधारी या दोन अंगठ्यांची अदलाबदल करतात, आणि जाणत्यांस तें लगेच खटकतें. नळ गळतो तेथें लावावयाचा दोन रंगांचा लुकण मळून कवटी उत्तम घडते. पट्टा व पिस्तुलांचीं म्यानें यांस चपलांच्या तळव्याचा हलका फोम घ्यावा. तो थोडा ऊन करून वांकविला कीं आकार धरतो. त्याचा गोंद उघड्या हवेंत लावावा, त्याची वाफ वाईट असते. पिस्तुलांच्या फक्त मुठी करून म्यानांत शिवून टाकाव्या. एस्टींत किंवा मांडव्याच्या लाँचवर ओढून दाखविण्यासारखें पिस्तूल जवळ असणें म्हणजे फुकटचा घोटाळा. अंगावर फोमचे खोटे स्नायूही बसवूं नयेत. ताठ पाठ व मोजकें चालणें यांनीं जें साधतें तें फोमनें साधत नाहीं, वर उकाडा दुप्पट होतो.

एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. जंगलांतील लोकांचा तारणहार गोरा पुरुषच, ही त्या कथांची मांडणी आज आम्हांस पटत नाहीं. वेताळाबरोबर टोळीवाले हवेत म्हणून वर्गमित्रांच्या तोंडांस काळा रंग फांसून त्यांस उभें करूं नये. सोबत हवीच असेल तर त्याचा लांडगा व घोडा आहेतच, आणि ते करावयास मुलें जास्त आनंदानें तयार होतात.

स्पर्धेच्या आठवडाभर आधीं संपूर्ण वेष चढवून मुलानें घरांत दोन तास वावरावें. बसावें, जिना चढावा, पाणी प्यावें. कोठें कांचतें व कोठें उसवतें तें त्याच दिवशीं कळतें. संमेलनानंतर पोषाख गोड्या पाण्यांत धुऊन, पुरता वाळवूनच पेटींत ठेवावा. हुक व बटणें पितळेचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत. खाऱ्या हवेनें लोखंडी हुकास एका पावसाळ्यांतच तांब चढते, व तिचा डाग जांभळ्या कापडावरून निघत नाहीं. बाह्यांच्या व पायांच्या टोंकांस चार बोटें कापड आंत दुमडून ठेवावें, म्हणजे पुढल्या वर्षीं तें उसवून लांबी वाढवितां येते.