सड्यावरच्या वाऱ्याची सुनावणी

ठोसेघरचा धबधबा पाहून आणखी थोडे वर गेले, की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, लागतो. आम्ही कोल्हापूरकर पावसाळ्यात तिथवर जातो, पवनचक्क्यांसमोर फोटो काढतो आणि माघारी फिरतो. एका उन्हाळ्यात मात्र मी तिथे जांभ्या दगडाजवळ बराच वेळ बसून राहिलो. वीतभर लांबीच्या एका सरड्याने मान उंचावून गळ्याखालची झोळी उघडली आणि निळा, काळा, केशरी रंग पंख्यासारखा झळकला. डोक्यावर पाती घूं घूं फिरत होती, त्यांची सावली दगडावरून सरकत होती. या सरड्याच्या प्रजातीला 2016 साली शास्त्रीय नाव मिळाले ‘सरडा सुपर्बा’. त्यातला ‘सरडा’ आपल्या मराठीतलाच.

या सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले, बिनधास्त झाले. पण दाटी वाढल्याने त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. चक्की फिरते आकाशात आणि फरक पडतो जमिनीवरच्या सरड्याच्या अंगात.

असा परिणाम आधी तपासायला नको का? खाण काढायची, धरण बांधायचे, औष्णिक वीज केंद्र उभारायचे, तर 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघात मूल्यांकन होते आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. किमान 30 दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी, सगळ्याचे चित्रीकरण आणि शेवटी लोकांपुढे वाचून दाखवलेले इतिवृत्त. पवनऊर्जा मात्र त्या अधिसूचनेच्या यादीतच नाही. वर 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती ‘पांढऱ्या’ गटात टाकली. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून प्रदूषण नाही. पण पाती वर चढवायला रुंद रस्ते लागतात, सडा फोडून पाया घालावा लागतो, आणि जांभ्यात मुरलेल्या पाण्यावरच खालच्या वाड्यांचे झरे चालतात. हा हिशेब त्या गटवारीत कुठेच बसत नाही.

भीमाशंकरच्या परिसरात आंध्रा लेक पवन प्रकल्पासाठी जंगल तोडले गेले, डोंगर कापून रस्ते काढले गेले. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. गाडगीळांची मते जाचक वाटणाऱ्यांनी त्यानंतरची कस्तुरीरंगन समिती जवळ केली. पण त्या समितीनेही 2013 मध्ये पवन प्रकल्प मूल्यांकनाच्या कक्षेत आणा, असेच सुचवले. माझ्या मते एवढ्या एका मुद्द्यावर तरी वाद उरू नये.

मला पवनऊर्जा हवी आहे. कोळशाचा धूर कमी व्हायलाच हवा. पण स्वच्छ वीज म्हणजे न विचारता घेतलेली वीज नव्हे. आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहिलेला सडा रिकामा नसतो. तिथे गुरे चरतात, पावसाळ्यात फुलांचे गालिचे पसरतात.

लोकांचे म्हणणे त्यांच्या भाषेत मागवणे हा उपकार नाही, हे कोर्टाच्या आदेशातूनही दिसले आहे. 2020 चा नव्या मूल्यांकन नियमांचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करायला सांगितले आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या भाषांत मराठी होतीच.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगडच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. तुमच्या सड्यावर वारा मोजणारा मनोरा दिसला, तर करार होईपर्यंत थांबू नका. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. रस्ता कुठून जाणार, झरा कुठला, गुरे कुठे चरणार, हे प्रश्न ठरावात लिहून घ्या. जिल्हाधिकारी आणि वन विभागाकडे मराठीतच अर्ज द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.