पत्रा जळत नाही, मग शेड का कोसळते?

(इमारत आणि कायदा : लेखांक ७)

जिन्यांवरचा मागचा लेख वाचून अकलोलीहून एका वाचकांचा फोन आला. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं, गरम पाण्याच्या कुंडांचं हे गाव. वज्रेश्वरीला जाणारे बरेचजण आधी इथे अंघोळ करतात. या वाचकांची तिथे थोडी वडिलोपार्जित भातशेती आहे. तिच्या एका तुकड्यावर दहा हजार चौरस फुटांचं गोदाम बांधायचं आणि कापडाच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं, असा त्यांचा विचार. "ठेकेदार म्हणतो, दादा, सगळं लोखंड आणि पत्रा. यात जळण्यासारखं आहे काय? शेड म्हणजे फायरप्रूफच. खरं का हे?"

त्यांना जे सांगितलं, तेच आज सविस्तर लिहितो. भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली या गावांतल्या हजारो गाळ्यांबद्दलही हाच गैरसमज आहे, आणि तो जिवावर बेततो.

आधी शब्दाचं पाहू. 'फायरप्रूफ इमारत' हा शब्द जाहिरातीत सापडतो. नियमांमध्ये मोजमाप आहे ते अग्निरोधाचं, आणि ते मिनिटांत. अमुक भिंत ६० मिनिटांची, तमुक दरवाजा १२० मिनिटांचा. म्हणजे ठरावीक पद्धतीने वाढत जाणाऱ्या आगीत तो भाग तेवढा वेळ उभा राहील, पलीकडे ज्वाळा जाऊ देणार नाही आणि, भिंत किंवा दरवाजा असेल तर, पलीकडची बाजू फार तापूही देणार नाही. कायदा इमारतीकडे वेळ मागतो. आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ, आणि बंबाला पोचायला वेळ.

चाचणीच्या भट्टीतली आग कशी चढते, ते आकड्यांत बघा. पाचव्या मिनिटाला तापमान ५७६ अंश सेल्सिअस, दहाव्याला ६७८, तिसाव्याला ८४२ आणि तासाभराने ९४५. जगभरातल्या प्रयोगशाळा साधारण याच रेषेने भिंती आणि खांब तपासतात.

आता लोखंड. ते जळत नाही, हे ठेकेदाराचं म्हणणं खरं आहे. पण साधारण ५५० अंशांच्या आसपास बांधकामाच्या पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते. उघड्या, बारीक जाडीच्या पोलादाला तिथवर तापायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. शेडच्या कैच्या आणि त्यांच्यावरच्या, पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या (पर्लिन) बारीकच असतात, कारण हलकं छत स्वस्त पडतं. शिवाय पोलाद तापलं की वाढतं. वीस मीटर लांबीचा तुळवट पाचशे अंशांनी तापला तर सुमारे बारा सेंटिमीटर लांब होतो. तो आधी दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटतो आणि मग मऊ पडून मधून खाली येतो. गोदामाच्या आगीनंतर पिळवटलेल्या कैच्या आणि बाहेरच्या बाजूला पडलेल्या भिंती दिसतात, त्या यामुळे. शेजारी उभं राहून पाणी मारणाऱ्या जवानाच्या अंगावर भिंत येते, तीही अशीच.

जुन्या लाकडी घराची जाड तुळई बाहेरून कोळसा होत होत आतून बराच वेळ भार पेलते. म्हणजे जळणारं लाकूड कधी कधी न जळणाऱ्या लोखंडापेक्षा जास्त वेळ देतं. हे ऐकून आमचे वाचक थोडा वेळ गप्पच झाले.

मग उपाय काय? काँक्रीटमध्ये सळईला झाकणारा थर तिला आगीपासूनही वाचवतो. म्हणून आयएस ४५६ या मानकात दोन तासांच्या अग्निरोधासाठी साध्या आधारावरच्या स्लॅबला ३५ मिलिमीटर आणि खांबांना ४० मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. मिस्त्री सळईखाली दगडाचा तुकडा सरकवून वेळ मारून नेतो, तेव्हा तो हेच तास कापत असतो. नऊ इंची पक्क्या विटांची भिंत दोन तास सहज काढते. पोलादाचेच खांब हवे असतील तर त्यांच्याभोवती काँक्रीट किंवा विटा चढवाव्यात, अथवा आगीत फुगून फेसासारखं आवरण धरणारा रंग द्यावा. रंगाला खर्च येतो आणि त्याची देखभालही लागते. माझं मत विचाराल तर गावाकडच्या गोदामाला खांब काँक्रीटचे आणि विभागणीची भिंत विटांची, हेच बरं. बंब जिथे उशिरा पोचतो तिथे महाग वस्तूपेक्षा जाड वस्तू उपयोगी.

अकलोलीच्या बाबतीत हा उशीर गृहीतच धरावा लागतो. भिवंडी शहरातून निघालेला बंब वाडा रस्त्याने अंबाडी नाक्याला येणार, तिथून वज्रेश्वरीकडे वळणार. वाट वीस किलोमीटरहून जास्त आहे. रस्ता मोकळा असला तरी अर्धा तास धरा, म्हणजे भट्टीतले ८४२ अंश. तोवर उघड्या लोखंडाचं छत जमिनीवर आलेलं असेल.

हे सारं सक्तीचं कसं होतं, तेही समजून घेऊ. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये पहिल्यांदा निघाली, पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली. तिचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा. भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता मुळात मार्गदर्शक आहे. तिला दात दिले ते महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने. तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. उपाययोजना करायची आणि ती चालू ठेवायची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक संस्थेचा 'नमुना अ' दाखला, आणि पुढे दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये 'नमुना ब'. गोदाम भाड्याने दिलं म्हणून हात झटकता येत नाहीत. भाडेकराराच्या कागदावरच दाखल्याचं कलम घालून घ्या.

आता त्या दहा हजार चौरस फुटांचं गणित. म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर. २००५ च्या संहितेत मजल्याचा एक कप्पा ७५० चौरस मीटरपर्यंतच धरला होता. त्यापुढे दोन तासांची भिंत घालून दोन कप्पे करायचे, किंवा स्प्रिंकलर बसवले तर दीडपट म्हणजे ११२५ चौरस मीटरपर्यंत सूट. २०१६ च्या आवृत्तीत हे आकडे वापरानुसार वेगळे झाले, आणि तुमच्या गोदामाला कोणता नियम लावायचा ते मंजुरीच्या वेळी अग्निशमन अधिकारी ठरवतात. पण भिंतीमागचा विचार तोच आहे. भातकापणीनंतर सगळ्या पेंढ्याची एकच उडवी कोणी रचत नाही, आणि रचली तर घराला खेटून रचत नाही. एक पेटली तर दुसरी वाचावी, घर तर वाचावंच. कप्प्याची भिंत म्हणजे दोन उडव्यांमधलं अंतर.

मात्र भिंतीत मालाच्या ने-आणीसाठी भोक पाडून ते उघडंच ठेवलं की ती भिंत नकाशावरच उरते. तिथे आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा हवा.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साठवणुकीच्या इमारतीत कोणत्याही जागेपासून बाहेर पडण्याच्या दारापर्यंतची चाल ३० मीटरपेक्षा जास्त नसावी, असं संहिता सांगते. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं नाही, थप्प्यांना वळसे घालत चालायच्या वाटेने मोजायचं. शंभर फूट बाय शंभर फुटांच्या शेडला पुढे मधोमध एकच शटर असेल, तर मागच्या कोपऱ्यातल्या हमालाला सुमारे ४५ मीटर चालावं लागतं, तेही धुरात. शिवाय वर सरकणारं किंवा बाजूला सरकणारं दार सुटकेचं दार म्हणून संहिता मान्यच करत नाही. शटर मालासाठी ठेवा. माणसांसाठी किमान १ मीटर रुंद, २ मीटर उंच, बाहेर उघडणारं वेगळं दार हवं, आणि आतल्या माणसाला ते किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे.

सुटकेच्या या अटींमागे किती मृत्यू आहेत! न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ जण गेले. तिथलं एक दार कुलूपबंद होतं. आपल्याकडे १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्यात १२ कामगार गेले. ३१ डिसेंबर २०२३ ला पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा जण. १८ मे २०२५ ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्यात आठ जण. त्यांत तिथेच राहणारं मालकाचं कुटुंबही होतं. आगीची कारणं निराळी असतील, पण वेळ बहुधा पहाटेची, आणि माणसं माल किंवा यंत्रं असतील तिथेच झोपलेली. जिथे माल साठतो तिथे कोणी झोपायचं नाही, आणि रखवालदाराला राहायला जागा द्यायचीच असेल तर ती वेगळ्या भिंतीआड, स्वतंत्र दाराची द्यायची. पोटमाळ्यावर पथारी टाकायला परवानगी देणाऱ्या मालकाला मी हात जोडून सांगेन: असं करू नका. तिथे झोपणाऱ्या, दूरच्या गावाहून आलेल्या पोराला शहर नवं असतं, आणि अंधारात शिडी कुठे आहे हेही त्याला उमगत नाही.

बंबाच्या वाटेचंही सांगून टाकतो. प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद हवं. उंच इमारतींभोवती गाडी फिरायला ६ मीटर मोकळी, ४५ टनांचं वजन पेलणारी जागा लागते. बैठ्या गोदामालाही ती सोडावी, असा माझा आग्रह असतो. आमच्या वाचकांना मी हिशोब करून दिला: शेडच्या चारी बाजूंनी सहा मीटर सोडले तर जवळजवळ अठरा गुंठे जागा लागते, आणि त्यातले नऊएक गुंठे मोकळे राहतात. "म्हणजे निम्मी जमीन गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, ट्रक वळवायला, माल उतरवायला तीच कामी येते. फक्त तिथे गाठोडी रचू देऊ नका.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी दोरी धरून आखणी करून पाहिली होती. मागच्या दाराबाहेरचे सहा मीटर थेट बांधापर्यंत पोचत होते.

"आजोबांची उडवी तिथंच असायची," ते म्हणाले. "घरापासून लांब म्हणून." मग विचारलं, "मागच्या दाराला रात्री आतून कुलूप घातलं तर चालेल का? चोऱ्या होतात हो."

नाही चालणार. बाहेरून उघडणार नाही आणि आतून ढकलताच उघडेल अशी आडवी दांडी दाराला बसवता येते. ती बसवा.

पुढच्या आठवड्यात : गोदामाची पाण्याची टाकी, पंप आणि स्प्रिंकलर.