सत्तावीस आणि बहात्तर

२०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातल्या मोबाइलवर एकच विनोद नाना वेषांत फिरत होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसचे वाचन 'वीस एक' असे दिले होते आणि सत्तावीसचे 'वीस सात'. झाले! म्हणींची, गाण्यांची, आडनावांची नव्या पद्धतीने मोडतोड सुरू झाली. विधानसभेतसुद्धा मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोटी झाली. विनोद बरे होते, नाही असे नाही. पण पुस्तक तयार करणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर त्या वेळी जे शांतपणे सांगत होत्या, ते त्या हशात बुडून गेले. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत, मुलाला जी सोपी वाटेल ती त्याने वापरावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०२३ च्या जुलैमध्ये नारळीकरबाई गेल्या. प्रश्न आहे तिथेच आहे.

प्रश्न काय आहे, ते रेडिओवर सांगायला फार सोपे. मी 'सत्तावीस' म्हणतो तेव्हा तुमच्या कानावर आधी सात येतो आणि मग वीस. लिहिताना मात्र तुम्ही आधी दोन लिहिता, मग सात. आपल्याला सवय झाली आहे, म्हणून ही उलटापालट जाणवत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती जाणवते. त्याने सत्तावीस ऐकून बहात्तर लिहिले, तर ते ढ आहे असे नव्हे. ते कानाशी प्रामाणिक आहे. त्यात पुन्हा एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द. तिथे नऊ ऐकूच येत नाही, पुढच्या दशकातून एक वजा करायचा. आणि बहात्तर, त्र्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर यांत सत्तर कुठे दडले आहे, हे शोधायला मोठ्या माणसालाही थांबावे लागते.

हे शब्द कुणी मुद्दाम अवघड केलेले नाहीत. संस्कृतात सप्तविंशति म्हणजे सात-वीस आणि द्विसप्तति म्हणजे दोन-सत्तर. शतकानुशतके तोंडात घोळून ते गुळगुळीत झाले. हिंदी, उर्दू, गुजराती, बंगाली या सगळ्या भावंडांची हीच कथा. दक्षिणेकडच्या भाषांचे तसे नाही. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये वीस आधी, एक नंतर. डोंबिवलीत एकाच मजल्यावर राहणाऱ्या मराठी आणि तमिळ घरांतली दोन मुले एकच संख्या दोन टोकांकडून शिकत असतात. जर्मन मुलांनाही आपल्यासारखाच 'एक आणि वीस' म्हणावा लागतो. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णय करून मोजणीचा क्रम बदलला, वीस आधी आणला; तरी जुनी माणसे पुढे कित्येक वर्षे जुन्याच क्रमाने बोलत राहिली. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन मुलांच्या मोजणीची तुलना संशोधकांनी १९८०च्या दशकातच केली होती आणि संख्यांच्या नावांचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, हे दाखवले होते. म्हणजे नारळीकरबाईंचे म्हणणे हवेतून आलेले नव्हते. ते दुसरीच्या वर्गापर्यंत पोचले, पण कारणासकट पोचले नाही. वर्गाच्या दाराशी आले तेव्हा ते विनोद झाले होते.

संशोधन करणारा आणि वर्गात शिकवणारा यांच्यातल्या या अंतराविषयी मला बोलायचे आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बीए झालेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझी पुतणी कल्याणला उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते, आणि तिच्यामुळे हे अंतर मी जवळून पाहिले आहे.

नकाशावर हे अंतर फारसे नाही. गणित आणि विज्ञान मुलांना कसे कळते किंवा कळत नाही, याचा अभ्यास करणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करते आहे. ते मानखुर्दला आहे. कल्याणहून निघालात तर ठाण्याला उतरायचे, ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने खाडी ओलांडून मानखुर्द. सत्तरच्या दशकात याच केंद्राची माणसे जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत जाऊन काम करत होती. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञान शिकण्यात भाषेचा अडसर किती मोठा असतो, हा विषय लावून धरला. विज्ञान अवघड नसते, पुस्तकाची भाषा अवघड असते, असा त्यांचा रोख. कवीला हे वाचून गुदगुल्या होतात. पण असे काम बहुधा इंग्रजीत छापले जाते आणि कल्याणच्या शाळेतल्या बाईंच्या हाती ते लागत नाही.

यावर इलाज करण्याची धडपड जुनी आहे. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हाती 'शालापत्रक' होते. ताराबाई मोडकांनी मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली आणि पुढे बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, अनुताई वाघांसह प्रत्यक्ष शाळा उभ्या केल्या. नियतकालिकाची एक मर्यादा असते. ते बोलते आणि शिक्षक ऐकतो. 'बाई, माझ्या वर्गात हे जमले नाही' असे उलट सांगायचे, तर पोस्टकार्ड घालून महिनाभर वाट पाहावी लागे.

मोबाइल आला आणि ही वाट दुतर्फा झाली. निदान होऊ शकली. २०१३-१४ नंतर महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या शिक्षकांनी फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आपले गट उभे केले. त्यांतला 'ॲक्टिव्ह टीचर्स' हा भाऊसाहेब चासकर आणि त्यांच्या सोबत्यांचा गट पुष्कळांना माहीत असेल. आपल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी केलेले डिजिटल शाळेचे काम राज्यभर गेले, त्यातही या गटांचा वाटा होता. कोणाचे पत्र, कोणाचा आदेश नसताना शिक्षक एकमेकांना विचारू लागले, ही साधी गोष्ट नाही.

पण या वाटेवरून काय जाते आणि काय मागे राहते, तेही पाहिले पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने फार चांगले काम केले. वर्गाच्या फरशीवर आकृत्या रंगवलेल्या, मुले त्यांभोवती बसून स्वतः शिकताहेत. ते फोटो मोबाइलवरून गावोगाव पोचले. पाहता पाहता अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या. मूल ज्ञान स्वतः रचते, शिक्षकाने त्याच्या चुकीकडे कुतूहलाने पाहायचे, हा त्यामागचा विचार मात्र फोटोत मावत नाही. रंग पोचला, कारण राहिले. वीस सातच्या वेळी हेच झाले, फक्त रंगाच्या जागी विनोद होता.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. ज्या फोनवर शिक्षक प्रश्न विचारणार, त्याच फोनवर 'माहिती तात्काळ भरा', 'लिंक आजच पूर्ण करा', 'फोटो पाठवा' हेही येते. ज्या गटात वरिष्ठ बसलेले असतात, तिथे 'माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना दोन अंकी संख्या लिहिता येत नाहीत' असे कोण लिहील? तिथे फुलांचे फोटो, अभिनंदन आणि अंगठे. आणि संशोधनाला तर तेच वाक्य हवे असते, जे शिक्षक लपवतो. 'असर'चे अहवाल २००५ पासून निघत आले आहेत, पण बहुतेक शिक्षकांना ते वर्तमानपत्राच्या मथळ्यातून भेटले, म्हणजे आरोपासारखे भेटले. मग संशोधक म्हटले की तपासणीला आलेला साहेब, अशी समजूत झाली तर दोष कोणाचा?

माझ्या पुतणीच्या गटात वरिष्ठ नाहीत. पंधरा-वीस शिक्षक, मराठी, उर्दू, हिंदी माध्यमांचे, आणि गणितशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा एके काळी शंभर होती, २०१६ मध्ये ती २५६ झाली, २०२२ मध्ये १,०२४. माझे मत विचाराल तर गट जितका फुगतो तितका त्यातला प्रश्न आक्रसतो. हजार माणसांसमोर कोणी अडाणी दिसू इच्छित नाही.

तर या छोट्या गटात पुतणीने एकदा एक निरीक्षण टाकले. तिच्या वर्गातली काही मुले सत्तावीस लिहिताना आधी सात लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे दोन. उत्तर बरोबर येते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. म्हणून ती मुलांना टोकत असे, 'आधी दोन लिही'. टोकावे की टोकू नये, एवढाच तिचा प्रश्न होता.

तिला वाटले होते, एखादा लेख चिकटवून बाई मोकळ्या होतील. बाईंनी उत्तर न देता चार प्रश्न विचारले. अशी मुले किती? तीसला, चाळीसला ती काय करतात? एकशे सत्तावीस सांगितले तर? आणि न टोकलेली मुले महिन्याने काय करतात? पुतणी आधी चिडली. मला म्हणाली, "चाचा, मी विचारलं एक आणि पदरात पडला गृहपाठ." मग तिने शंभर पानी वही घेतली. नावे नाहीत, फक्त अनुक्रमांक; मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो गटात टाकायचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवले होते. प्रत्येक शनिवारी दहा संख्या सांगायच्या आणि मूल कोणता अंक आधी लिहिते, ते नोंदवायचे.

त्या वहीतून जे दिसले, ते एका वर्गापुरते आहे. त्याचा सिद्धान्त करू नये, असे बाईंनीच बजावले आहे. कानाने ऐकले तसे उजवीकडून लिहिणाऱ्या मुलांनी सत्तावीसचे बहात्तर क्वचित केले. ज्यांना 'आधी दोन' म्हणून टोकले होते, त्यांचाच गोंधळ जास्त. मात्र एकशे सत्तावीस म्हटल्यावर उजवीकडून लिहिणारे अडखळले, कारण तिथे शंभर आधी ऐकू येतो. अरबीतही सत्तावीसला 'सात आणि वीस' म्हणतात, ही माहिती मी पुरवली. माझा वाटा तेवढाच.

मला बहात्तर हा शब्द आवडतो. एकोणपन्नास तर फारच आवडतो. हे शब्द भाषेतून जावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण माडीवर चढायला शिडी लावली म्हणून कोणी जिना पाडत नाही. 'वीस सात' ही शिडी आहे. ती कोणत्या मुलाला, किती दिवस लागते, हे पुण्याच्या समितीला एकटीने कळणार नाही आणि कल्याणच्या शिक्षिकेलाही एकटीने कळणार नाही.

आता गटातल्या मराठी माध्यमाच्या एका सरांनी तीच वही सुरू केली आहे. त्यांच्या वर्गात भाषाही डावीकडून आणि आकडेही डावीकडून, त्यामुळे तिथे काय दिसते याची पुतणीला उत्सुकता आहे. सरांनी पहिल्या शनिवारचे आकडे टाकले, तेव्हा बाईंनी पुन्हा एक प्रश्न विचारला: संख्या सांगताना तुम्ही मुलांकडे तोंड करून उभे होता की फळ्याकडे?