रिमोट नसला तरी टीव्ही चालतो

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वाड्यांवरून, तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मग पाच-सहा महिने घर राखतात ती म्हातारी माणसे. सोबतीला एखादे शाळकरी नातवंड, आणि टीव्ही. हा टीव्ही बहुधा जुना असतो. मागे पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. एक दिवस त्याचा रिमोट हरवतो, नाहीतर नातू तो पाण्याच्या बादलीत टाकतो. पडदा निळा होऊन बसतो. आजी बटणे दाबून दाबून थकते. मग कोणीतरी शहाणा सांगतो, "आजी, याचा रिमोट आता मिळत न्हाई. द्या मोडीत घालून." आणि उचलीच्या पैशातून नवा टीव्ही घरात येतो.

उचल फिटेपर्यंत किती मोळ्या बांधाव्या लागतात, हे मी तुम्हांला काय सांगावे? म्हणून पैसे मोजण्याआधी एवढे वाचा.

रिमोट हा टीव्हीचा मालक नव्हे. तो नुसता निरोप्या आहे. तुम्ही बटण दाबता, तो टीव्हीला निरोप देतो, आणि काम टीव्हीच करतो. तेव्हा निरोप्या नसला तर आपण स्वतः जाऊन सांगावे, एवढेच.

मुळात पुष्कळ वर्षे आपल्याकडे रिमोट नव्हताच. भारतात टीव्ही १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्या काळच्या पेट्यांना कान असत. एक कान पिळला की टीव्ही चालू, आणखी पिळला की आवाज मोठा. पाहायला एकच चॅनेल. मग उठबस करण्याचा प्रश्नच कुठे होता? चॅनेल वाढले तसा रिमोट घरोघर आला. अमेरिकेत मात्र तो फार आधी निघाला होता. १९५६ साली तिकडे असा एक रिमोट आला की त्याला सेलच लागत नसत. बटण दाबले की आतल्या धातूच्या कांडीवर लहानशी हातोडी बसे. तिचा आवाज माणसाला ऐकू येत नसे, पण टीव्हीला येई. मला तर ही युक्ती आजच्या रिमोटपेक्षा जास्त आवडते.

आता तुमच्या टीव्हीकडे वळू. रंगीत टीव्हीच्या पुढच्या अंगाला, पडद्याखाली, एक लहान झाकण असते. ते बोटाने हलकेच दाबा म्हणजे उघडते. काही पेट्यांना झाकण नसते, बटणे उघडीच असतात. त्यांवर इंग्रजी अक्षरे असतात. ती वाचता येत नसली तरी अडू नका. अधिक आणि उणे ही दोन चिन्हे शोधा. अशा दोन जोड्या दिसतील. एक जोडी आवाजाची, दुसरी चॅनेलची. कोणती कशाची, ते एकदा दाबून पाहिले की कळते. कळले की लगेच खूण करा. आवाजाच्या जोडीजवळ लाल टिकली, चॅनेलच्या जोडीजवळ हिरवी. टिकली बटणावर लावू नका, शेजारी लावा. बटणावरची दोन दिवसांत निघते.

वीज जाऊन आली की पुष्कळदा नुसता बारीक लाल दिवा लागतो आणि चित्र येत नाही. टीव्ही बिघडला असे लोक समजतात. तो बिघडलेला नसतो, झोपलेला असतो. चॅनेलचे अधिक बटण एकदा दाबा. बहुतेक पेट्या तेवढ्याने जाग्या होतात.

खरी अडचण निळ्या पडद्याची, ती नीट समजून घ्या. पूर्वी टीव्ही ॲंटेनावर चाले, आणि चॅनेल टीव्हीतच बदलावे लागे. दूरदर्शनची ती जुनी प्रक्षेपणे आता देशात जवळजवळ सगळीकडे बंद झाली आहेत. आज चित्र येते ते छत्रीवरून किंवा केबलवरून, आणि ते आधी सेट टॉप बॉक्समध्ये येते. चॅनेल बॉक्स बदलतो. बॉक्सला त्याचा स्वतःचा रिमोट आहे. मग टीव्हीला काम उरले किती? बॉक्स जे देईल ते दाखवणे. म्हणजे टीव्हीचा रिमोट हरवला तरी फारसे अडत नाही. टीव्हीला एकदा बॉक्सच्या वाटेवर आणून ठेवले की झाले.

त्या वाटेला एव्ही म्हणतात. बॉक्समधून तीन रंगांच्या टोकांची वायर टीव्हीत जाते. पिवळे टोक चित्राचे. पांढरे आणि लाल आवाजाचे. पिवळे पिवळ्यात, पांढरे पांढऱ्यात, असे रंगाला रंग जुळवून घाला. टीव्हीला आवाजाचे भोक एकच असेल तर पांढरे घाला, लाल मोकळे राहू द्या. मग झाकणाखाली टीव्ही-एव्ही असे बटण आहे का पाहा, आणि ते दाबा. तसे बटण नसेल तर चॅनेलचे उणे बटण दाबत मागे मागे जा. कित्येक पेट्यांत एक किंवा शून्य नंबरच्या मागेच एव्ही लपलेले असते. चित्र आले की टीव्हीचा आवाज मध्यम करून ठेवा. पुढे आवाज कमीजास्त करणे, चॅनेल बदलणे, सगळे बॉक्सच्या रिमोटने. सरकारी फ्री डिशला तर महिन्याचे पैसेही नाहीत, आणि सह्याद्री त्यावर दिसते.

रिमोट हरवला नसून नुसता चालत नसेल, तर तो मेला आहे की उपाशी आहे ते आधी पाहा. रिमोटच्या तोंडाशी एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. मोबाइलवर सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचे तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली तर दिवा जिवंत आहे. लुकलुकली नाही तर सेल बदला. सेल पाझरून आतल्या स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर तो कोरड्या फडक्याने खरवडून काढा.

शेजारच्या घरचा रिमोट आपल्या टीव्हीला का चालत नाही? हलगीवाला वेगवेगळ्या वेळी वेगळा ठेका धरतो. जाणत्याला नुसत्या ठेक्यावरून कळते की वरात आली की कुस्ती सुरू झाली. रिमोटचा दिवाही ठेका धरतो. तो सेकंदाला छत्तीस-अडतीस हजार वेळा लुकलुकतो, आणि त्यात मधे मधे थांबे घेतो. या थांब्यांवरून टीव्हीला निरोप कळतो. दर कंपनीचा ठेका निराळा, म्हणून परका ठेका टीव्हीला उमजत नाही. बाजारात सगळ्यांचा मिळून एक रिमोट मिळतो. त्याच्यात असे पुष्कळ ठेके भरलेले असतात. आपला कोणता ते दुकानदाराकडून लावून घ्यावे. काही मोबाइलमध्येही असा दिवा असतो. घरी पोराचा तसा मोबाइल असेल तर काम फुकटात होईल.

एक काम मात्र कोणी करू नये. टीव्हीचे मागचे झाकण उघडू नये, आणि बटण आत गेले म्हणून भोकात सुई किंवा आकडा घालू नये. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. काचेच्या रंगीत नळीला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात, आणि पिन काढल्यावरही ती वीज नळीत टिकून राहते. ते काम मेकॅनिकचे.

नवा रिमोट घ्यायचाच असेल तर बाजारात रिकाम्या हाताने जाऊ नका. व्हिडिओकॉनचे टीव्ही आपल्या मराठवाड्यातच, पैठण तालुक्यात चितेगावला होत असत. त्या कंपनीवर २०१८ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तेव्हा अशा जुन्या टीव्हीला मूळ कंपनीचाच रिमोट हवा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण टीव्हीच्या मागे एक पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल नंबर असतो. तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. इंग्रजी ओ हे अक्षर आणि शून्य सारखेच दिसतात, तेवढे दोनदा पाहा. जुना, मोडका रिमोट सापडला तर तोही पिशवीत घ्या. दुकानदार बटणांची ठेवण पाहून त्याच्या जोडीचा काढून देतो.