ग्राहकाची साक्ष

सायंकाळची वेळ. घाटकोपरच्या स्थानकातून कामावरून परतणाऱ्या माणसांचा लोंढा बाहेर पडत असतो. त्यांतील कित्येकांची पावले पूर्वेकडील वल्लभबाग गल्लीकडे वळतात. ही घाटकोपरची प्रसिद्ध खाऊगल्ली. तव्यावर डोसे चुरचुरत असतात, पावभाजीचा वास दरवळत असतो आणि विक्रेते गिऱ्हाइकांना साद घालत असतात. नवखा माणूस मात्र क्षणभर गोंधळून उभा राहतो. इतक्या दुकानांतून निवडावे तरी कोणते?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शेजारी किंवा गाडीतला सोबती देत असे. एकाने दुसऱ्यास सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगावे आणि दुकानाची कीर्ती हळूहळू पसरावी, अशी रीत होती. काही उपाहारगृहांत गल्ल्यापाशी अभिप्रायाची वहीही ठेवलेली असे. पण वहीतले मत वहीतच राही. मालकाखेरीज ते सहसा कोणी वाचत नसे. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कोठेही नवखा माणूस खिशातला फोन काढतो आणि त्यातील नकाशावर उपाहारगृहाचे नाव शोधतो. नावापाशी पाचपैकी किती तारे मिळाले हे दिसते आणि पूर्वी जेवून गेलेल्यांचे अभिप्रायही वाचावयास मिळतात. एका गावाची वही जणू साऱ्या जगापुढे उघडी झाली आहे.

परंतु ही वही भरावी कोणी? मनुष्यस्वभाव मोठा विचित्र आहे. ज्याला जेवण आवडते तो तृप्त होऊन मुकाट्याने घरी जातो. ज्याला राग येतो तो मात्र वेळ काढून चार ओळी लिहितो. त्यामुळे संतुष्टांचे मत मनातच राहते आणि रागावलेल्यांचे तेवढे जगाला कळते. ही उणीव भरून काढण्यासाठी हल्ली टेबलावर किंवा बिलाच्या तबकडीत एक लहानसा काळापांढरा चौकोन ठेवलेला आढळतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात.

विद्यार्थ्यांना हे चिन्ह अपरिचित नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरही ते छापलेले असते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले होते. त्यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक सन्मान मिळाला.

या कोडचा जन्म मात्र शाळेत झाला नाही आणि उपाहारगृहातही झाला नाही. १९९४ साली जपानमधील डेन्सो या उद्योगसमूहातील अभियंता मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. त्यापूर्वी उभ्या रेषांचा बारकोड वापरीत. पण त्यात जेमतेम वीसएक अक्षरे मावत. 'गो' या खेळात चौकटींच्या पटावर काळ्या व पांढऱ्या सोंगट्या मांडतात. त्या पटावरून हारा यांना कल्पना सुचली. रेषा एकाच दिशेने वाचाव्या लागतात. चौकटी मात्र आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी वाचता येतात. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ मजकूर मावतो. केवळ अंकच लिहावयाचे झाल्यास सर्वांत मोठ्या कोडमध्ये ७०८९ अंक बसतात. या शोधाचे हक्क कंपनीकडे होते. तरीही तिने तो सर्वांना मोफत वापरू दिला. म्हणूनच तो जगभर पसरला.

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. ते पाहून कॅमेऱ्याला कोड कोठे आहे व त्याची दिशा कोणती हे तत्काळ उमगते. म्हणून फोन तिरपा किंवा उलटा धरला तरी बिघडत नाही. कारखान्यात तेलाचे डाग पडणार हे ध्यानी घेऊन मजकुराबरोबर काही जादा माहितीही त्यात गुंफलेली असते. सर्वांत भक्कम प्रकारच्या कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला, तरी उरलेल्या भागावरून सगळा मजकूर जुळविता येतो. कारखान्यातील तेलासाठी केलेली ही योजना आता टेबलावर सांडलेल्या सांबाराच्या डागालाही पुरी पडते!

अभिप्रायाच्या कोडमध्ये असतो तो केवळ एक पत्ता. एकाच नावाची दोनचार उपाहारगृहे एका उपनगरात असू शकतात. नाव टंकून नेमके पान शोधण्याचा ग्राहकास कंटाळा येतो. कोडवर कॅमेरा धरताच तेच पान क्षणात उघडते, आणि तेही जेवणाची चव जिभेवर असतानाच. साहजिकच एरवी गप्प राहणारी माणसेही दोन शब्द लिहितात.

अभिप्राय पुष्कळ असण्याचा लाभ साध्या गणितावरून ध्यानात येईल. समजा, एका उपाहारगृहास पाच अभिप्राय मिळाले. चौघांनी पाच तारे दिले व एकाने एकच तारा दिला. सरासरी ४.२ येते. दुसऱ्याला शंभर अभिप्राय मिळाले. नव्व्याण्णव जणांनी पाच तारे दिले व एकाने एक दिला. येथे सरासरी ४.९६ येते. एकच ग्राहक दोन्हीकडे रागावला. पण पहिल्याचे नुकसान फार झाले. मते जितकी अधिक, तितका एकाच्या लहरीचा प्रभाव कमी.

मात्र मते पुष्कळ झाली म्हणजे ती खरी झाली, असे नव्हे. "पाच तारे द्या आणि एक कुल्फी फुकट घ्या," असे कोणी सांगितले, तर तो अभिप्राय जेवणाचा राहत नाही, कुल्फीचा होतो. कोणी पैसे देऊन खोटी स्तुती लिहवून घेतो, तर कोणी शेजारच्या दुकानाची खोटी निंदा करवितो. कोणी खूश ग्राहकांना तेवढा कोड दाखवितो आणि नाराज ग्राहकांपासून लपवितो. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

कोड वापरताना सावधपणाही हवा. टेबलावर पैसे देण्याचा कोडही असतो. पैसे देताना बहुधा गुप्त अंक द्यावा लागतो. मत देताना तो कधीही लागत नाही. मूळ कोडवर दुसरा कागद चिकटविलेला दिसल्यास मालकास विचारावे. शिवाय अभिप्राय ही तक्रार नव्हे. अन्न दूषित असेल, तर त्याची दाद अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे मागावी. त्यासाठीचा वेगळा कोड दर्शनी जागी लावण्याची सूचना २०२५ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उपाहारगृहांना दिली.

चांगला अभिप्राय कसा असावा? "अगदी भिकार हॉटेल!" या उद्गाराने कोणालाच काही कळत नाही. "इडली मऊ होती, सांबार मात्र थंड होते. गर्दी असूनही पाणी मागताच मिळाले," या तीन वाक्यांनी पुढच्या ग्राहकास माहिती मिळते, स्वयंपाक्यास आपली चूक कळते आणि पाणी देणाऱ्या मुलाच्या कष्टाचेही चीज होते. लहान मुलांनी आपले मत वडीलधाऱ्यांना सांगावे आणि त्यांच्याकडूनच ते लिहवून घ्यावे.

लहान उपाहारगृहाच्या चुलीवर अनेक घरे अवलंबून असतात. खोट्या निंदेने त्यांच्या ताटातला घास जातो. खोट्या स्तुतीने परक्या कुटुंबाच्या कष्टाचे पैसे वाया जातात. न्यायालयात साक्ष देणारा मनुष्य शपथ घेतो. येथे शपथ देणारा कोणी नसतो. यंत्र केवळ दार उघडून देते; आत जाऊन खरे बोलणे हे माणसाचेच काम आहे.