बर्फाचा हिशेब माहुलपासून

मुंबईतल्या माहुल गावात वारा फिरला की घराघरांतल्या बायका न बोलता उठतात आणि खिडक्या लावून घेतात. खाडीकडून वारा असला तर चिखलाचा आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास येतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. रिफायनरीच्या बाजूनं आला तर घसा खवखवायला लागतो. 1950च्या दशकात इथं तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. त्याआधीपासून इथं कोळीवाडा आहे, डोल-वाणाची जाळी आहेत. आज या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या अनेक पदार्थांपैकी एक म्हणजे विमानाचं इंधन. ते जमिनीखालच्या पाइपलाइननं थेट मुंबईच्या विमानतळापर्यंत जातं.

बर्फातल्या सुटीवर लिहायला बसले आणि सुरुवात या वासापासून केली, कारण मुंबईकराच्या बर्फाच्या सहलीचा पहिला धूर मनालीत किंवा गुलमर्गमध्ये निघत नाही. तो निघतो आमच्या दाराशी.

आमच्या घरात बर्फ बघायला जायचं हे कितीतरी वर्षं नुसतं बोलणं होतं. 2024च्या फेब्रुवारीत मी, माझी बहीण आणि तिचा तेरा वर्षांचा मुलगा असे तिघं उत्तराखंडातल्या औलीला गेलो. भाच्याला स्कीइंग शिकायचं होतं. मला मात्र एकच गोष्ट नक्की ठाऊक होती: दुसऱ्यांच्या सोयीचा भार एखाद्या गावावर पडतो तेव्हा तिथल्या माणसांना कसं वाटतं, हे मी जन्मापासून बघते आहे. तो भार आपण दुसऱ्या गावावर टाकायचा नाही, निदान कमीत कमी टाकायचा, एवढं ठरवून आम्ही आखणी केली.

सगळ्यात आधी तारीख. आपल्याकडे नाताळच्या सुटीचं बुकिंग दिवाळीतच उरकतात, आणि डिसेंबरात पुष्कळदा उतार कोरडे असतात. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे हे ढगांचे पट्टे अलीकडे उशिरा येतात, कधी चुकतातच. 2024च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत गुलमर्गचे उतार तपकिरी होते. ती छायाचित्रं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. बर्फ पडला तो जानेवारी सरता सरता. 2025मध्ये तर गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा, आणि बर्फ नसला तरी आनंदानं राहता येईल अशी तयारी ठेवून जावं.

बर्फ नसेल तर यंत्रानं करता येतो की, असं कुणी म्हणेल. औलीत 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फ फवारणारी यंत्रं आणली होती, त्यांच्या पाण्यासाठी वर एक कृत्रिम तळंही बांधलेलं आहे. पण हे यंत्र थंडीशिवाय चालत नाही. पाण्याचा बारीक फवारा हवेतच गोठावा लागतो, म्हणजे पारा शून्याच्या खाली हवा. ज्या हिवाळ्यात थंडीच पुरेशी नाही, त्या हिवाळ्यात वीज आणि पाणी खर्चूनही उतार पांढरा होत नाही.

आता प्रवास. या सुटीत पर्यावरणाचं जे काही बरंवाईट होतं, त्यातला मोठा वाटा इथंच ठरतो, म्हणून यावर जरा थांबते. ढोबळ हिशेब असा. एकशे ऐंशी प्रवाशांचं नेहमीचं विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं. मुंबई ते डेहराडून सव्वादोन-अडीच तास. म्हणजे माणशी तीस किलोच्या वर इंधन, आणि एक किलो इंधन जळलं की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका बाजूच्या प्रवासाचे माणशी शंभर किलो झाले. तिघांचे जाऊन-येऊन सहाशे. तिथं जाऊन प्लास्टिकची बाटली नको म्हटली, टॉवेल दोनदा वापरला, तरी हा आकडा हलत नाही.

रेल्वेचा आकडा याच्या काही पटींनी लहान येतो, आणि माहुलकरांना तर ती दाराशीच आहे. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारला थेट गाडी जाते. आमच्याकडून तिथं रिक्षानं पोचता येतं. एक रात्र गाडीत जाते. गाडी रोज नसते, आणि आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे 8 फेब्रुवारीला निघायचं तर 10 डिसेंबरच्या आसपास सकाळी तयारीत बसायचं. भाच्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयवर आमचा निघायचा दिवस लाल पेनानं गोल करून ठेवला होता. डब्यात आईनं दिलेले बोंबलाच्या चटणीचे डबे, तिळाचे लाडू, स्टीलच्या तीन बाटल्या. गाडी उत्तरेकडे सरकली तसा गारवा लागायला लागला आणि भाच्यानं पहिल्यांदा स्वेटर मागितला. देश हळूहळू थंड होत जातो, हे विमानात बसून कळत नाही.

काश्मीरसाठीही आता हे शक्य आहे. वांद्रे टर्मिनसवरून स्वराज एक्सप्रेस कटऱ्याला जाते, आणि 6 जून 2025ला चिनाब नदीवरच्या 359 मीटर उंच पुलाचं उद्घाटन झाल्यापासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते. पुढे गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर.

हरिद्वार-ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. सगळे टॅक्सी करतात. आम्ही पहाटेची बस घेतली आणि रुद्रप्रयागला मुक्काम केला. एका दमात जायची घाई नसली की बस पुरते, आणि शरीरालाही विसावा मिळतो. या रस्त्यावर डोंगर कापल्याच्या ताज्या जखमा ठिकठिकाणी दिसतात. गाड्या वाढल्या म्हणून रस्ता रुंद, रस्ता रुंद म्हणून आणखी गाड्या. मनालीजवळच्या रोहतांगला राष्ट्रीय हरित लवादानं रोजच्या गाड्यांवर मर्यादा घातली ती याच कारणानं. डिझेलची काजळी बर्फावर बसते, काळा झालेला बर्फ ऊन शोषून घेतो आणि लवकर वितळतो. ही मर्यादा अन्याय आहे असं म्हणणारे खूप भेटतात. मला ती अपुरी वाटते.

आणि जोशीमठ. औलीचा उतार ज्याच्या डोक्यावर आहे ते हे गाव. 2024च्या जूनपासून त्याचं सरकारी नाव ज्योतिर्मठ झालं. हे गाव खडकावर वसलेलं नाही. फार जुन्या काळी कोसळलेल्या दरडीच्या मातीदगडांच्या ढिगावर ते उभं आहे. 1976 साली गढवालचे आयुक्त एम. सी. मिश्रा यांच्या समितीनं हे स्पष्ट लिहिलं होतं: मोठी बांधकामं नकोत, सुरुंग नकोत, झाडं तोडू नका, सांडपाण्याची नीट व्यवस्था करा. त्यानंतर तिथं बहुमजली हॉटेलं झाली, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचं काम सुरू झालं. 2023च्या जानेवारीत आठशेहून जास्त घरांना तडे गेले. उपग्रहांच्या नोंदींत 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या बारा दिवसांत जमीन 5.4 सेंटिमीटर खचलेली दिसली. औलीचा चार किलोमीटरचा रोपवे तेव्हाच बंद झाला; आम्ही शेअर जीपनं वर गेलो.

मिश्रा समितीचा अहवाल मी जायच्या आधी वाचला तेव्हा मला आमची वस्ती आठवली. डिसेंबर 2015मध्ये हरित लवादानं माहुल-आंबापाड्याच्या हवेनं लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. त्यानंतर 2017पासून तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं आणून याच माहुलच्या इमारतींत ठेवली गेली. त्यांनी विद्याविहारच्या रस्त्यावर कित्येक महिने आंदोलन केलं. सप्टेंबर 2019मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही तिथं राहायची सक्ती करू नका, पर्यायी घर देईपर्यंत महिना 15,000 रुपये भाडं द्या. इशारा आधी लिहिलेला असतो, माणसं नंतर आणली जातात. जोशीमठात हॉटेलं आणली गेली, एवढाच फरक.

मग अशा गावी जावं का? मी हा प्रश्न तिथं उतरल्यावर चहाच्या टपरीवर विचारला. टपरीवाल्या आजोबांनी सांगितलं, दोन हिवाळे कुणी आलं नाही तर मुलं कायमची डेहराडूनला गेली. यावं, पण ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडे उतरावं. आम्ही तेच केलं होतं. उत्तराखंडात 2018पासून दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं होमस्टेची सरकारी योजना आहे; स्थानिक कुटुंब आपल्या राहत्या घरातल्या खोल्या देतं. नवी इमारत उठत नाही, आणि पैसे त्याच घरात राहतात.

आमची खोली दगडी भिंतीची, लाकडी माळ्याची होती. घरच्या दीदीनं पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट दाखवली. न्हाणीघराबाहेरचा पाइप संपत होता तिथं तिनं मोठं पिंप ठेवलं होतं. ते पाणी ती भांडी घासायला आणि गोठ्यात वापरायची. जोशीमठ खचायच्या कारणांत मातीत मुरणारं सांडपाणी हेही सांगितलं गेलं आहे. सगळ्या गावाला गटारं नाहीत. वापरलेलं पाणी उतारातच जिरतं आणि आतली माती भुसभुशीत करतं. म्हणजे तिथं गीझर लावून केलेली दोन बादल्यांची आंघोळ अक्षरशः कुणाच्या तरी पायाखाली जाते. आम्ही तिघं आठवडाभर एकाआड एक दिवस अर्ध्या बादलीत भागवलं. थंडीत त्याचं काही वाटलं नाही. शेगडीही एकाच खोलीत पेटायची आणि सगळे तिच्याभोवती बसायचे.

जेवणात आम्हाला घरच भेटलं. तिकडे ज्याला मंडुवा म्हणतात ती आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ. पहिल्या दिवशी गहतची डाळ पुढे आली तेव्हा बहिणीनं घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर पिठलं व्हायचं राहिलेले कुळीथ!" मुंबईहून नेलेली मॅगीची पाकिटं तशीच परत आली. बाहेरून ट्रकनं येणारं पनीर आणि ब्रॉयलर मागण्यापेक्षा हे मागावं. शेतातलं पीक तिथंच खपतं, आणि रिकामी पाकिटं उरत नाहीत. 2019च्या जूनमध्ये औलीत एका श्रीमंत घरची लग्नं झाली, त्यांच्या कचऱ्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आपण आपला कचरा परत आणू म्हणावं, तर मुंबईत तो देवनारच्या कचराभूमीत जाऊ शकतो, आणि देवनार आमच्या शेजारी. विकतच घ्यायचं नाही, हाच त्यावर खरा उपाय.

स्कीइंगसाठी गढवाल मंडल विकास निगमचे हिवाळ्यात सात आणि चौदा दिवसांचे वर्ग असतात. सात दिवसांचा घ्यावा. एका दिवसात येऊन, भाड्याचे गमबूट घालून, घसरून, फोटो काढून परत जाणाऱ्या गाड्यांनीच रस्ता तुंबतो. स्की, बूट, काठ्या तिथं भाड्यानं मिळतात. जॅकेट आम्ही शेजाऱ्यांकडून मागून नेली. मुंबईत ती वर्षभर कपाटातच असतात. स्कीच्या तळाला मेण लावतात, त्याचीही चौकशी करावी. फ्लोरिन असलेलं मेण बर्फाबरोबर पाण्यात उतरतं आणि कित्येक वर्षं नष्ट होत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं 2023-24च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदी घातली. आणि बर्फाचा थर पातळ असेल तर उतरूच नये. खाली बुग्याल असतं, उंचावरचं कुरण. त्याचं गवत स्कीच्या कडेनं सोलून निघालं तर भरून यायला फार काळ लागतो. 2018मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली ती याच नाजूकपणामुळे. एक दिवस बर्फ विरळ होता तेव्हा शिक्षकांनी वर्ग बंद ठेवला आणि मुलांना देवदारांच्या रानातून गोरसन बुग्यालच्या वाटेवर चालत नेलं. भाच्याला तोच दिवस सगळ्यात जास्त आठवतो. समोर नंदादेवी पूर्ण उघडी होती.

शेवटच्या रात्री शेगडीपाशी दीदीनं विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? मी मोबाइलवर माहुल-शिवडीच्या चिखलावर उतरलेले फ्लेमिंगो दाखवले. त्याच फोटोत मागे टाक्या आणि चिमण्या होत्या. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, चिमण्या बघितल्या, मी वासाचं आणि खोकल्याचं सांगितलं. "तो आप लोग घर छोड़कर कहीं और क्यों नहीं चले जाते?" तिनं विचारलं.

तिच्या मागच्या भिंतीवर, चौकटीपासून छतापर्यंत, सिमेंटनं बुजवलेली भेग होती. आठवडाभर हाच प्रश्न मला तिला विचारायचा होता.